दुसरा राउटर कशासाठी घेतला

मुरुम,
९ ऑक्टोबर २०२४

रणधीर भाऊजी,

दैवशालाचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही पत्र न उघडताच बाजूला ठेवाल अशी भीती वाटली, म्हणून पत्ता नवरात्राला घरी आलेल्या आमच्या हर्षालीकडून लिहून घेतलाय. तिचं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती बारावीला होती, आता लातूरला फार्मसी करते. आमचे दोन्ही नंबर तुम्ही ब्लॉक करून ठेवलेत. तो तुमचा हक्क आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. तुमचा हैदराबादचा पत्ता तुमच्या आईकडून मिळाला. बेंबळीला नात्यातल्या एका बारशाला गेले होते, तिथं धुरपदाबाईंची सहज भेट झाली. तब्येत चांगली आहे त्यांची. सोयाबीन काढणी चालू होती तरी मला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

इकडं सगळं ठीक आहे. नवरात्र चालू आहे. आमच्या सासूबाई, म्हणजे तुमच्या अव्वा, गुडघ्यांनी हैराण आहेत, पण बसून सगळी कामं करतात. तुमचा विषय निघाला की अजून कानडीतच विचारतात, "ऊटा आयता त्याचं?" जेवला का म्हणून. आता हैदराबादला तुम्ही जेवलात का ते मी कुठून सांगू? मी म्हणते, हो जेवले.

हे पण ठीक आहेत. कामात असतात.

मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. हे मोटारसायकल घेऊन आडत बाजारात गेले आणि परत आले ते चालत. गाडी कुठाय विचारलं तर म्हणाले, मी चालतच गेलो होतो. शेवटी तूर-उडदाच्या पोत्यांमागं सापडली, किल्ली तशीच लावलेली. आम्ही लई हसलो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात आपल्या नेट कनेक्शनच्या ऑफिसातला मुख्य राउटर बिघडला आणि अख्ख्या गावाचं नेट सकाळपासून दुपार टळेपर्यंत बंद होतं. बिघाड काय होता ते नक्की कळलं नाही. आडत्यांचे फोन, पतसंस्थेचे फोन, ते सोसता येतात. पण स्टँडजवळच्या दवाखान्यात आता सीटी स्कॅनचं मशीन आलंय. तिथं काढलेले फोटो आपल्याच लाईनवरून सोलापूरला जातात आणि तिथले डॉक्टर ते वाचून सांगतात. त्या दिवशी ट्रॅक्टरवरून पडलेली एक बाई आणली होती. मोबाईलवरून पाठवायला ते फोटो फार जड. दवाखान्याचे डॉक्टर कृष्णराज स्वतः ऑफिसला आले. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, अजून किती वेळ लागेल?" शेवटी फोटो न वाचताच तिला गाडीत घालून सोलापूरला पाठवलं. ती वाचली. पण तो निरोप येईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही, आणि तेव्हापासून फोन वाजला की मी आधी राउटरचे दिवे बघते. फोन नातेवाइकाचा असला तरी.

म्हणून विचारते. दोन राउटर असे बसवता येतात का, की एक बंद पडला तर दुसऱ्यानं आपोआप काम हातात घ्यावं? कुणी जाऊन वायर बदलायची गरज नको, कुणाला विचारायची गरज नको. मी व्हिडिओ बघितले, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि आपल्या नेटवर्कची मांडणी कशी आहे ते त्यांना काय ठाऊक? ती तुम्ही आणि ह्यांनी मिळून केलेली. खांबाखांबावरची वायर तुम्हाला पाठ आहे.

तुम्ही म्हणाल, उमाशंकर आहे की घरात, त्याला विचारा. ह्यांना वेळ नसतो हो. आणि मलाच शिकायचंय. इतकी वर्षं नुसती बिलं केली.

लिहिणार असाल तर मला जमेल असं, एकेक पायरी करून लिहा. पत्र अव्वांच्या नावानं घरी पाठवा, ऑफिसच्या पत्त्यावर नको. त्यात विशेष काही नाही, घरी पोस्टमन लवकर येतो एवढंच.

नाही लिहिलंत तरी मी समजून घेईन.

दैवशाला


मुरुम,
६ नोव्हेंबर २०२४

रणधीर भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, पाठपोट भरून नुसत्या पायऱ्या. पण अक्षर तुमचं होतं. अव्वांनी कागद हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यात माझ्यासाठी काय हाय?" मी म्हटलं, तुम्ही जेवलात का असं विचारलंय. खोटं बोलले. तुम्ही रागावू नका.

तुम्ही "पासवर्ड किमान दोघांना ठाऊक हवा" या वाक्याखाली दोन रेघा ओढल्यात. त्या बघून मी कागद घडी करून ठेवून दिला होता, दोन दिवस परत उघडला नाही. मग वाटलं, टोमणा असेल तर आपण तो खायलाच हवा, आणि नसेल तर तो नियम आहे. काहीही असलं तरी काम करायचंच होतं.

काम केलं. नवीन राउटर आणला. त्याला दुसऱ्या यूपीएसवर, दुसऱ्या भिंतीला बसवलं, तुम्ही बजावलं होतं तसं. मुख्य राउटर फायबरवर आहे, नव्याला मी उमरग्याहून येणारी वायरलेसची लाईन दिली. दोघांमध्ये मिळून तो तिसरा पत्ता टाकला, जो दोघांपैकी कुणाचाच स्वतःचा नाही, आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मशीनं त्या पत्त्याकडं वळवली. मुख्याला पहिल्या पसंतीचा मोठा आकडा दिला, नव्याला लहान. मुख्य दर सेकंदाला "मी आहे" म्हणत राहतो आणि नवा ऐकत बसतो. ऐकू येईनासं झालं की तो तिसरा पत्ता आपल्याकडं घेतो. इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. व्हिडिओवाले हेच सांगताना घाम फोडतात.

चाचणी दुपारी घेतली, बाजार जेवायला गेला की. डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं. मुख्य राउटरची पिन काढायला हात पुढं केला आणि हात तिथंच थांबला. मी ती पिन काढू शकत नव्हते, भाऊजी. ट्रॅक्टरवाल्या बाईचा चेहरा मी पाहिलेला पण नाही, तरी ती समोर दिसायला लागली. शेवटी डोळे मिटले आणि ओढली. दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "नेट? चालू हाय की. का?" मी फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर बसून रडले. ह्यांनी बघितलं. "पिन निघाली म्हणून रडायलीस व्हय?" म्हणाले, आणि ती पिन परत लावून दिली.

हे दुसऱ्या राउटरवर आधी खूश नव्हते. "माझ्यावर भरवसा न्हाय का?" असं विचारत होते. विजा पडून राउटर जळतो असं कारण मी सांगितलं.

पण आता अडचण झालीय. दिवाळीच्या तोंडावर पाण्याच्या पाईपलाईनसाठी रस्ता खोदताना जेसीबीनं फायबर तोडलं. मी निर्धास्त होते. म्हटलं, दुसरा राउटर आहे. आणि नेट बंद! लक्ष्मीपूजनाच्या बाजारात अख्खी गल्ली माझ्या ऑफिससमोर. नवा राउटर हललाच नाही. मी धावत जाऊन मुख्याची पिन ओढली तेव्हा कुठं नेट आलं. दवाखान्यात सुदैवानं कुणी नव्हतं.

नंतर डोकं शांत झाल्यावर समजलं. मुख्य राउटर मेला नव्हता. त्याचे दिवे हिरवे होते, तो "मी आहे, मी आहे" म्हणतच होता. फक्त त्याच्यामागची बाहेरची लाईन गेली होती, आणि ते नव्याला कसं कळणार? त्याला नुसता आवाज ऐकू येतोय. याला उपाय आहे का? मुख्य जागेवर आहे पण त्याच्याकडून काम होत नाही, हे ओळखून दुसऱ्यानं पुढं यावं असं करता येतं का? लवकर कळवाल तर बरं. मी रोज ऑफिस उघडल्यावर आधी दिवे बघते, चहा करताना बघते, कुलूप लावताना बघते. घरी आल्यावर परत जाऊन बघून यावंसं वाटतं.

हर्षाली दिवाळीला आली होती. जाताना स्टँडवर मला म्हणाली, "आई, बाबांनी मला दोनदा विचारलं तू कितवीला आहेस." मी म्हटलं, कामात असतात ना.

भाऊबीजेच्या दिवशी ह्यांनी गोरोबाच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. मी घरी होते, ऑफिसात ते एकटेच. तिथल्या पोऱ्यानं दुसरा कप कुणाला विचारलं तर म्हणाले, "ठेव. रणधीर यायचाय."

हे लिहायचं नव्हतं. पण आता पान फाडून परत सगळं लिहिण्याइतका वेळ नाही.

दैवशाला


मुरुम,
१५ डिसेंबर २०२४

रणधीर भाऊजी,

तुमचं दुसरं पत्र आलं. उपाय बरोबर निघाला. मुख्यानं बाहेरच्या एका लांबच्या पत्त्याला सारखं विचारत राहायचं, आणि उत्तर येईना झालं की स्वतःचाच आकडा नव्यापेक्षा खाली उतरवायचा. मी ते बसवलं, फायबर काढून बघितलं, चाललं.

पण पत्राच्या तळाशी तुम्ही एक ओळ लिहिलीत. "वहिनी, हे सगळं तुम्ही का करताय? उमा कुठं आहे?" सव्वा दोन वर्षांनी तुम्ही त्यांचं नाव लिहिलंत. त्या ओळीला उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. आता सगळं सांगते, आणि आधी जे खोटं लिहिलं ते पण.

बेंबळीला बारसं वगैरे काही नव्हतं. मी तुमच्या आईकडं मुद्दाम गेले होते. त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही, पत्ता लिहून दिला.

सप्टेंबरात राउटर बिघडला नव्हता. आदल्या दुपारी मी शेजारच्या टेबलावर बिलं करत होते आणि हे मुख्य राउटर उघडून बसले होते. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "पासवर्ड बदलतो, लई जुना झाला." मी परत बिलात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं तरी कनेक्शन जोडायला बसले तर पासवर्ड लागेना. जुना टाकून बघितला, परत परत टाकला. मी म्हटलं, "अहो, काल तुम्ही बदललाय." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परकी कुणी आहे. मग उठून राउटरचं मागचं बटण दाबून धरलं. मी "नको नको" म्हणेपर्यंत आतलं सगळं पुसलं गेलं. तुम्ही दोघांनी बसवलेलं सगळं. त्याची प्रत कुठंच काढलेली नव्हती; दुपारी उमरग्याचा एक माणूस येऊन कामापुरतं परत भरून गेला. आणि मग माझ्या अंगावर आले, "कुणी बदलला पासवर्ड? माझ्या हातानं उभं केलेलं माझ्याच हातातून काढून घ्यायला निघालास व्हय?"

निघालास म्हणाले, भाऊजी. बायकोला.

ते वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तुम्ही पण ऐकलेलं आहे. गोरोबाच्या हॉटेलात, चार आडत्यांसमोर, हेच शब्द त्यांनी तुम्हाला ऐकवले होते. त्या वेळी पण पासवर्ड बदललेला निघाला होता, नेट बंद पडलं होतं. तुम्ही ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवलीत आणि निघून गेलात. मी खांबाला धरून उभी होते. आणि या सप्टेंबरात, राउटरसमोर, मला सगळं एकदम समजलं.

मग सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. फोटो, रक्ताच्या तपासण्या, सगळं केलं. घड्याळ काढायला सांगितलं तर ह्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले आणि हसले. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, साधारण म्हातारपणी होतो, ह्यांना फार लवकर सुरू झालाय. एकावन्न हे काही वय नाही. गोळ्यांनी थोडा वेग कमी होईल, मागं फिरणार नाही. मी विचारलं, कधीपासून असेल? "दोन-तीन वर्षं तरी झाली असणार. सुरुवातीला घरच्यांना कळत नाही, वाटतं माणूस संशयी झालाय, तापट झालाय."

ह्यांना पण डॉक्टरांनी समजावून सांगितलं. परतीच्या वाटेवर नळदुर्ग येईपर्यंत ते विसरले होते. परत सांगायचं मला धाडस झालं नाही.

म्हणजे दुसरा राउटर मी बिघाडासाठी घेतलाच नव्हता. ह्यांच्या हातांसाठी घेतला. ऑफिसला येऊ नका असं मी त्यांना कसं सांगू? तिथं बसले की ते उमाशंकर असतात. घरी बसले की कुणीच नसतात. त्यांना बसू द्यायचं, मुख्य राउटर त्यांच्या हातात राहू द्यायचा, आणि त्यांनी काही केलं तरी त्या दवाखान्यातल्या बाईला झळ पोचू नये, एवढंच मला पाहिजे होतं. नव्याचा पासवर्ड ह्यांना ठाऊक नाही. तुम्ही किमान दोघांना ठाऊक असावा असं लिहिलंत म्हणून मी तो हर्षालीला सांगितलाय. नवऱ्यापासून लपवून मुलीला.

आता मागच्या आठवड्याचं सांगते.

मी पतसंस्थेत गेले होते. परत आले तर हे राउटरसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. बाहेरच्या लाईनचं सगळं काढून टाकलं होतं त्यांनी. काहीतरी नीट करायला गेले आणि पुसून बसले. आणि या वेळी त्यांना ते कळलं होतं. काय चुकलं ते नाही, पण आपल्या हातून काहीतरी मोठं झालंय एवढं. फोनकडं बघत होते. लोक ओरडतील म्हणून वाट बघत होते. मी शेजारी बसले. फोन वाजेना. नव्यानं काम घेतलं होतं, सगळं गाव चालू होतं. मला आतून हायसं वाटलं, इतकं की लाज वाटावी.

मग त्यांनी विचारलं, "दैवशाला, फोन का येईना गेलेत?"

मी टेबलावरची बिलं सारखी केली.

"नेट चालू हाय?"

"हो."

"म्या बिघडवलं तरी?"

"हो."

त्यांनी दोन्ही राउटरकडं बघितलं. इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस. एका क्षणात त्यांना कळलं ते कशासाठी होतं. विजांसाठी नव्हतं. म्हणाले, "व्यवस्थित केलंयस. कुणी शिकवलं?"

मी तुमचं नाव सांगितलं. आणि मग थांबता आलं नाही. आजार सांगितला, सप्टेंबर सांगितला, हॉटेलातलं सांगितलं. तुम्ही पासवर्डला हात लावला नव्हता हे सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते रडले पण नाहीत. म्हणाले, "डॉक्टरनं असं सांगितलं? मला?" मी हो म्हटलं. मग उठले, चप्पल शोधायला लागले.

"कुठं निघालात?"

"गोरोबाच्या हॉटेलात."

"उद्या जाऊ. आज ऱ्हाऊ द्या."

"उद्या मला हे ठाऊक असंल का?"

शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यामागं गेले. मला काय वाटत होतं ते खरं लिहिते. मला त्यांना अडवायचं होतं. आजार बाजारात कळला की गिऱ्हाइकं जातात, हर्षालीच्या लग्नाला अडतं, लोक अशा माणसाला रस्त्यात थांबवून मुद्दाम त्याचंच नाव विचारतात. हे सगळं त्या शंभर पावलांत माझ्या डोक्यात येऊन गेलं. दोनदा मी त्यांची बाही धरली आणि सोडली.

हॉटेलात गर्दी होती. सौदे संपलेले, लोक टेकलेले. हे मधोमध उभे राहिले. मला वाटलं, इथं येईपर्यंत विसरले असतील तर बरं.

"ऐका," म्हणाले. "ह्याच जागी म्या रणधीरला चोर म्हणलो. तुम्ही ऐकलं व्हतं सगळ्यांनी. पासवर्ड म्या बदलला व्हता. रणधीरनं न्हाय. मला डोक्याचा आजार हाय, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय. तुमच्या ध्यानात ऱ्हाईल म्हणून तुमाला सांगतो."

गोरोबानं गॅस बंद केला. कोपऱ्यातल्या एका आडत्यानं विचारलं, "मग आता नेटचं कसं, उमाशंकर?" टोचून नाही, खरंच काळजीनं. ह्यांनी माझ्याकडं हात केला. "तिला विचारा. मी बिघडवतो, ती चालू ठेवती." दोघंतिघं हसले, मग ओशाळले. गोरोबानं ह्यांना बसवलं, पाणी दिलं. मी उभीच होते.

दोन आडत्यांनी त्या आठवड्यात दुसरीकडून कनेक्शन घेतलं. डॉक्टर कृष्णराज मुद्दाम येऊन सांगून गेले की दवाखाना कुठं जाणार नाही. बाकीच्यांचं माहीत नाही. फोन वाजला की अजून मी आधी दिवे बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांनी चहा दिला. हे कपाकडं बघत बसले आणि म्हणाले, "रणधीरनं लई फसवलं मला."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. मी बशी पुढं सरकवली. आदल्या दिवशीचं परत सगळं सांगू शकले असते. सांगितलं असतं तर परत रडले नसते, परत चप्पल शोधली असती, आणि तिसऱ्या दिवशी परत विसरले असते. असं किती वेळा त्यांना त्या हॉटेलात नेऊ?

म्हणून तुम्हाला लिहिते. त्यांनी तुमच्यावरचा आळ चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं, शुद्धीवर असताना मागं घेतला. मी तिथं होते. गोरोबा होता. बाजार होता. त्यांच्याकडं ते टिकलं नाही, तुमच्याकडं टिकावं. तुमचं आहे ते.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. तुमचं तिकडं बरं चाललंय असं तुमच्या आई म्हणाल्या. नेटवर्क मी सांभाळीन, अडलं तर लिहून विचारीन, तुम्ही पायऱ्या लिहून पाठवा, खाली सही केली नाहीत तरी चालेल.

पण यायचंच असेल तर एक जाणून या. एखाद्या दिवशी दारात तुम्हाला बघून ते शिव्या देतील, सगळी गल्ली ऐकेल अशा. एखाद्या दिवशी इतका उशीर का केलास म्हणतील आणि खुर्ची सरकवतील. कुठला दिवस तुमच्या वाट्याला येईल ते मला आधी सांगता येणार नाही, मला स्वतःलाच सकाळी उठल्यावर कळतं. दोन्हीला तयार असाल तरच या. मी दोन्हीत राहते. आता सवय होत आली आहे असं लिहिणार होते, पण तुमच्याशी आणखी खोटं नको.

तुमच्या मित्राची बायको,
आणि अजून तुमचीही वहिनी,
दैवशाला